देव मानणाऱ्याने उत्क्रांती मानली तर चालतं का?

मागच्या अंकात माणसाच्या पूर्वजांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत हाडं, कवट्या, जीवाश्म याबद्दल फार थोड्यांनी विचारलंय, बहुतेकांना विचारायचंय ते देवाबद्दल. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. एकसारखी पत्रं एकत्र केलीत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण काही जणांनी घरातल्या वादांबद्दल मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न: मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. कॉलेजात उत्क्रांती शिकवतात, घरी मात्र सगळी सृष्टी देवाने निर्माण केली असं लहानपणापासून ऐकलंय आणि मला ते मनापासून पटतंही. पेपरात एक लिहायचं आणि मनात दुसरंच ठेवायचं हा मला खोटेपणा वाटतो. दोन्ही एकदम मानता येतं का, की एक सोडावंच लागतं?

मानता येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रातली घालमेल दिसतेय आणि उत्तरासाठी तुला ताटकळत ठेवायचं नाहीये. पण मानता येतं म्हणजे काहीही मानता येतं असं नाही, तेव्हा पुढचंही वाच.

निर्माता मानणारे सगळे एकच गोष्ट मानतात असं आपण धरून चालतो आणि घोळ तिथेच होतो. कुणी म्हणतं, हे विश्व असंच उगाच नाही, त्याच्या मुळाशी कुणीतरी आहे, निसर्गाचे नियमही त्याचेच. कुणी म्हणतं, त्याने प्रत्येक प्राणी, प्रत्येक झाड वेगवेगळं बनवलं, आज दिसतंय तसंच्या तसं, आणि तेही काही हजार वर्षांपूर्वी. दोन्ही ठिकाणी शब्द "निर्माता"च आहे पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या मताला उत्क्रांतीने धक्का लागत नाही. दुसरं मत चूक आहे, आणि हे मी कुणाला दुखवायला म्हणत नाही, पुरावाच तसा आहे. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं, त्यातली निदान ३५० कोटी वर्षं तिच्यावर काही ना काही जिवंत आहे, आणि त्यातला बहुतेक काळ ते सगळं सूक्ष्म जिवांचंच राज्य होतं.

पुराव्याचा एकच तुकडा जवळून बघ. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्यांच्या, २४ जोड्या असतात आणि आपल्या २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? नुसती हरवली असती तर जीव जगलाच नसता, म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झालं असणार. आता हे तपासता येतं. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी अशी डीएनएची सहा अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात, ती टोकाचीच खूण. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात हीच खूण मधोमध सापडते, आधी सरळ आणि लगेच उलटी, जशी दोन टोकं समोरासमोर येऊन जुळल्यावर दिसायला हवी तशी. ही जागा १९९१ मध्ये सापडली. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला पेशी विभागताना ओढून धरायची एक जागा असते, तशा या एकट्या गुणसूत्रात दोन आहेत, एक चालू आणि एक बंद पडलेली. माणूस वेगळा, कोऱ्या पाटीवर घडवला असं म्हणायचं असेल तर हा जोड निर्मात्याने मुद्दाम खोटा करून ठेवला असं म्हणावं लागेल. असा फसवणारा देव कुठल्याच भक्ताला नको असतो असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. उत्क्रांती मानणारा नास्तिकच असतो हा समज डार्विनच्या काळातच खोटा ठरला होता. उत्क्रांती मांडणारं त्याचं पुस्तक १८५९ च्या नोव्हेंबरात आलं आणि अमेरिकेत त्याची बाजू सगळ्यात जोरात मांडली ती एसा ग्रे या हार्वर्डच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, जो पक्का श्रद्धाळू ख्रिश्चन होता. चार्ल्स किंग्जली नावाच्या इंग्लिश धर्मगुरूने तर त्याच महिन्यात डार्विनला पत्र लिहून कळवलं की स्वतःहून विकसित होऊ शकतील असे मूळ जीव निर्माण करणारा देव, ही कल्पनाही तितकीच थोर आहे, आणि डार्विनने हे म्हणणं दुसऱ्या आवृत्तीत नाव न घेता छापलंसुद्धा. विसाव्या शतकात थिओडोसियस डोब्झान्स्की हा आनुवंशिकीचा अभ्यासक, ज्याचं "उत्क्रांतीच्या प्रकाशात बघितल्याशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही" हे १९७३ च्या लेखातलं वाक्य तुझ्या शिक्षकांनी कधी ना कधी म्हटलं असेल, त्याच लेखात स्वतःला निर्माता मानणाराही म्हणवतो. मानवी जीनोमचा, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए वाचून काढायचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला तेव्हा त्याचे प्रमुख असलेले फ्रान्सिस कॉलिन्स आधी नास्तिक होते, नंतर श्रद्धावान झाले आणि उत्क्रांती त्यांनी कधीच सोडली नाही. स्वतः डार्विन शेवटी शेवटी स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणायचा, पण १८७९ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतीवादी एकाच वेळी असू शकतो यावर शंका घेणंच त्याला विचित्र वाटतं.

तेव्हा पेपरात जे लिहितेस ते खरं म्हणून लिही, मार्कांसाठी म्हणून नको. आणि घरी जे मानतेस ते त्या उत्तरात घुसवू नकोस. यात खोटेपणा नाही, परीक्षेतला प्रश्न जीव कसे बदलत गेले हा आहे आणि तुझ्या मनातला प्रश्न हे सगळं मुळात आहेच का हा आहे.

प्रश्न: माणूस माकडापासून झाला तर अजून माकडं शिल्लक कशी? आणि मधले दुवे कुठे आहेत?

आजच्या माकडापासून झालाच नाही. आपले आणि चिंपांझीचे पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होते, त्यातून दोन फांद्या फुटल्या, दोन्ही आजपर्यंत वाढल्या. चुलत भाऊ जिवंत आहे म्हणून आपण जन्मलोच नाही असं कुणी म्हणत नाही.

मधले दुवे भरपूर आहेत. मला आवडतो तो टिकटालिक. मासे पाण्यातून वर यायला लागले तो काळ कुठला याचा अंदाज आधीच होता, म्हणून नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेवढ्या वयाचे, उथळ पाण्यात बनलेले खडक नकाशावर शोधले, कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समीर बेटावर जाऊन उकरले आणि २००४ मध्ये त्यांना ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी सापडला, खवले आणि पर माशाचे, पण मान वळवता येणारी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. कुठल्या वयाच्या खडकात शोधायचं हे सिद्धांतानेच सांगितलं होतं, हे महत्त्वाचं.

प्रश्न: म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, योगायोगाने होतात असं तुम्हीच लिहिलंत. सगळंच योगायोगाने झालं तर निर्मात्याला काम काय उरलं?

हा प्रश्न मला या सगळ्या पत्रांत सर्वांत जास्त वेळा आलाय आणि त्याला जरा सावकाश उत्तर द्यायला हवं.

योगायोग म्हणजे नेमकं काय ते एका प्रयोगावरून सांगते. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या जोडप्याने एक साधीच युक्ती काढली. काचेच्या बशीत बॅक्टेरियाच्या शेकडो वसाहती वाढवल्या, प्रत्येक वसाहत म्हणजे एक छोटा ठिपका. मग बशीच्या मापाच्या ठोकळ्यावर मखमलीचं कापड ताणून बांधलं आणि ते बशीवर अलगद दाबलं, मखमलीच्या केसांना प्रत्येक ठिपक्यातले थोडे थोडे जीव चिकटले, जसेच्या तसे, आपापल्या जागी. तोच शिक्का त्यांनी नव्या बशांवर उमटवला, ज्यांत बॅक्टेरिया मारणारं औषध मिसळलेलं होतं. जवळपास सगळे मेले. वाचले ते थोडे ठिपके, पण ते प्रत्येक नव्या बशीत त्याच त्याच जागी होते. मग ते मूळ बशीकडे परत गेले, जिथल्या जिवांनी औषध कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि त्या जागेवरच्या जिवांची चाचणी घेतली. त्यांच्यात औषध सोसायची ताकद आधीपासूनच होती.

म्हणजे गरज पडली म्हणून बदल झाला असं नाही, बदल आधीच झालेला होता, गरज नंतर आली आणि तिने निवड केली. जीवशास्त्रातला योगायोग एवढाच आहे, म्युटेशन ही जिवाची गरज बघून होत नाही. त्यापलीकडे "या विश्वाला काही हेतू नाही" असं त्या प्रयोगात कुठेच आलेलं नाही, आणि मखमलीच्या कापडावर हेतू उमटतही नाही, ना असल्याचा, ना नसल्याचा. कुणी वैज्ञानिक भाषणात ते वाक्य जोडत असेल तर ते त्याचं तत्त्वज्ञान आहे, त्याला तसं म्हणायचा हक्क आहे पण ते लॅबमधून आलेलं नाही.

दुसरं म्हणजे निवड योगायोगाने होत नाही. पाण्यात वेगाने पोहायचं असेल तर शरीर निमुळतंच लागतं, म्हणून शार्क हा मासा, डॉल्फिन हा सस्तन प्राणी आणि कधीच नामशेष झालेला इक्थिओसॉर हा सरपटणारा प्राणी, तिघांचा आकार जवळपास एकच झाला, तिघांचे पूर्वज किती वेगवेगळे असले तरी. काही श्रद्धाळू जीवशास्त्रज्ञांना यात निसर्गनियमांत आधीच भरलेल्या शक्यता दिसतात. मला हा विचार सुंदर वाटतो. पण तो पुरावा म्हणून वापरू नये.

प्रश्न: मी निवृत्त इंजिनियर आहे. आयुष्यभर डिझाइन केलं. डोळ्यासारखी गोष्ट डिझायनरशिवाय झाली हे माझ्या बुद्धीला पटत नाही. जिथे विज्ञानाला उत्तर देता येत नाही तिथे तरी देव मानायला काय हरकत आहे?

सर, तुमचा युक्तिवाद जुना आणि मानाचा आहे. विल्यम पेली या इंग्लिश धर्मगुरूंनी १८०२ मध्ये तो घड्याळाचं उदाहरण देऊन मांडला होता, माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच. डार्विननेही तरुणपणी पेली वाचले होते आणि ते त्याला आवडलेही होते. पण घड्याळाला पिल्लं होत नाहीत. ज्या गोष्टीची पुढची पिढी थोडीशी वेगळी निघते आणि त्यातली काही जास्त टिकतात, तिच्याबाबत हिशोब बदलतो.

डोळ्याच्या पायऱ्या कल्पनेतल्या नाहीत, आज जिवंत प्राण्यांत दिसतात. चपट्या कृमींमध्ये नुसती प्रकाश ओळखणारी खोलगट वाटी, नॉटिलसमध्ये भिंगच नसलेला, बारीक छिद्राचा डोळा, त्यापुढे भिंगवाले. स्वीडनच्या निल्सन आणि पेल्गर यांनी १९९४ मध्ये मुद्दाम सावध आकडे घेऊन गणित मांडलं तर प्रकाश ओळखणाऱ्या सपाट ठिपक्यापासून माशासारख्या डोळ्यापर्यंत पोचायला ४ लाखांपेक्षा कमी पिढ्या पुरल्या. आणि इंजिनियर म्हणून तुम्हाला हे नक्की खटकेल, आपल्या डोळ्यात नसांच्या तारा पडद्याच्या पुढच्या बाजूने, म्हणजे प्रकाशाच्या वाटेतूनच जातात आणि मग एका भोकातून मागे निघतात, त्या भोकाच्या जागी आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात तारा मागूनच निघतात, त्याला हा आंधळा ठिपका नाही. आपला वारसा वेगळ्या वाटेने आला म्हणून हे असं आहे.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तिथे माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे, देवाला उत्तर न सापडलेल्या जागेत बसवू नका. न्यूटनसारख्या माणसाने हे केलं होतं. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे कालांतराने त्यांच्या कक्षा बिघडत जातील आणि व्यवस्था पुन्हा नीट लावायला देवाचा हात लागेल असं त्याला वाटलं. पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने गुरू आणि शनीच्या गतीचं गणित सोडवून दाखवलं की त्यांच्यातला फरक ठराविक काळाने उलट फिरतो. गणित सुटलं आणि त्या जागेवर बसवलेल्या देवाला उठावं लागलं. ज्याची श्रद्धा खरी आहे त्याने तिला अशा जागेवर ठेवू नये की उद्या कुणा पोराच्या पीएचडीने ती हलेल.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या डोव्हरचं. तिथल्या शाळा मंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात "बुद्धिमान रचना" (सजीव कुणा बुद्धिमान रचनाकारानेच बनवलेत हे मत) हा पर्याय आणायचा ठराव केला, पालक कोर्टात गेले. काही बॅक्टेरियांची शेपटी इतकी गुंतागुंतीची आहे की ती टप्प्याटप्प्याने होऊच शकत नाही, हा तिथला एक मोठा मुद्दा होता. तो खोडायला साक्षीला उभे राहिले केनेथ मिलर, स्वतः श्रद्धावान कॅथलिक. त्या शेपटीतली बरीच प्रथिनं दुसऱ्या बॅक्टेरियांमध्ये विष टोचायच्या सुईसारख्या यंत्रणेत वेगळंच काम करताना सापडतात, म्हणजे अर्धवट भागही निरुपयोगी नसतो, हे त्यांनी दाखवलं. २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की ही बुद्धिमान रचना म्हणजे विज्ञान नाही. देव मानणाऱ्या माणसाने देवाच्या नावाने चाललेला कच्चा युक्तिवाद कोर्टात उभं राहून खोडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न: दशावतारात आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह, मग वामन. म्हणजे उत्क्रांती आपल्याकडे आधीच माहीत होती ना?

क्रम डोळ्यात भरतो हे खरं आहे आणि हे साम्य बऱ्याच मोठ्या लोकांनाही जाणवलंय. पण अवतारकथेत कासवापासून वराह जन्मला असं कुणीच म्हणत नाही, एकच देव प्रत्येक वेळी वेगळं रूप घेतो असं म्हणतात. उत्क्रांतीत मुद्दाच वंशाचा आहे. शिवाय उत्क्रांती ही एका रांगेतली चढण नाही, ती फांद्या फुटलेलं झाड आहे, त्यात कीटक, वनस्पती, बुरशी, बॅक्टेरिया सगळे आलेत.

दुसऱ्या धर्मांतही हेच चालतं, सृष्टीच्या सहा दिवसांचे सहा भूगर्भीय कालखंड करून दाखवणारे आहेतच. यात धर्मग्रंथाचाच तोटा होतो. कथा ज्या अर्थाने सांगितलीय तो बाजूला पडतो आणि तिला विज्ञानाच्या आजच्या पानाशी बांधून ठेवलं जातं. मला त्यापेक्षा ऋग्वेदातलं नासदीय सूक्त जवळचं वाटतं. ही सृष्टी कुठून आली हे परम आकाशातून तिच्याकडे बघणाऱ्यालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही ठाऊक नसेल, असं म्हणून ते थांबतं. इतक्या जुन्या काळी असं म्हणायची हिंमत झाली याचा अभिमान बाळगायला मी तयार आहे.

प्रश्न: तुम्ही सगळ्यांना सांभाळून घेताय. देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केलंय, हे सरळ लिहायला का घाबरता?

घाबरत नाही, ते खरं नाही म्हणून लिहीत नाही. नैसर्गिक गोष्टींची नैसर्गिक कारणं शोधायची, ही विज्ञानाची पद्धत आहे आणि ती जबरदस्त चालते. पण जी पद्धत पहिल्याच पायरीवर ठरवते की मी फक्त नैसर्गिक कारणंच बघणार, तिच्या शेवटी "नैसर्गिक सोडून काहीच नाही" हा निष्कर्ष आपोआप निघत नाही. तुम्हाला नास्तिक राहायला चांगली कारणं आहेत, त्यातलं सगळ्यात भक्कम कारण मी पुढच्या उत्तरात तुमच्या बाजूने मांडतेच, फक्त त्याला प्रयोगाचा निकाल म्हणू नका.

हे उलट बाजूलाही लागू होतं. विश्व एका घनदाट आरंभापासून पसरत आलं हे मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक पाद्री होते. १९५१ मध्ये खुद्द पोप बाराव्या पायस यांनी त्या सिद्धांतात निर्मितीच्या क्षणाला जणू दुजोरा मिळाला अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून पूर्ण वेगळा आहे, असंच ते म्हणत राहिले. आपल्या बाजूचा आयता आलेला पुरावा नाकारायला किती प्रामाणिकपणा लागतो बघा.

स्टीफन जे गुल्ड हे अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ म्हणायचे की विज्ञान आणि धर्माची क्षेत्रंच वेगळी, एकाने दुसऱ्यात डोकवू नये. मला हे अर्धंच पटतं. धर्म जेव्हा पृथ्वीचं वय सांगतो तेव्हा तो विज्ञानाच्या हद्दीत आलेला असतो आणि तिथे त्याला तपासायलाच हवं. पण "देव की डार्विन, एक निवड" असं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे मांडलं तर बरीच मुलं देव निवडतात आणि जीवशास्त्राकडे कायमची पाठ फिरवतात. ती निवड आपण त्यांच्यावर लादलेली असते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: देव दयाळू आहे असं आपण म्हणतो. मग कोट्यवधी वर्षं जीव एकमेकांना खातायत, रोगाने मरतायत, आणि यातूनच माणूस घडवायचा, ही कसली रीत? माझा मुलगा जन्मतःच आजारी आहे म्हणून विचारतेय.

ताई, खरा अवघड प्रश्न तुमचाच आहे. पृथ्वीचं वय, माकड, डोळा, हे सगळं श्रद्धेला पचवता येतं. हे पचत नाही.

डार्विनलाही इथेच अडलं. २२ मे १८६० ला त्याने एसा ग्रेला पत्र लिहिलं त्यात इक्न्यूमन नावाच्या गांधीलमाशीचं उदाहरण आहे. ती सुरवंटाच्या शरीरात अंडी घालते, अळ्या बाहेर येतात आणि त्याला आतून जिवंत खातात. यातल्या अनेक जाती आधी चरबी खातात आणि जिवाला लागणारे अवयव शेवटी, म्हणजे सुरवंट शेवटपर्यंत जिवंत राहावा. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम घडवलं असं मला स्वतःला पटवता येत नाही, असं डार्विनने लिहिलं. त्याची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना गेली होती, दुःख म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

उत्क्रांती इथे एक गोष्ट तरी समजावते. रक्ताच्या सिकल सेल आजाराचं बघा. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एकच घटक बदलतो, तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. दोन्ही पालकांकडून हा बदल आला तर मुलाला भयंकर वेदनांचा आजार होतो. पण एकाकडूनच आला तर तेच मूल मलेरियाच्या गंभीर आजारातून वाचायची शक्यता वाढते, म्हणून मलेरियाच्या भागांत हा बदल पिढ्यान्पिढ्या टिकून राहिला. कुणाला शिक्षा म्हणून तो आलेला नाही. ज्या बदलण्याच्या क्षमतेमुळे जीवन इथपर्यंत आलं त्याच क्षमतेतून आजारही येतो, दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. काही श्रद्धावान यातून असं म्हणतात की देवाने सृष्टीला स्वतः घडायची मोकळीक दिली आणि मोकळीक दिली की हेही आलंच. म्हणजे तुमच्या मुलाचा आजार कुणी ठरवून लिहिलेला नाही. काही आईवडिलांना यात मोठा दिलासा मिळतो, काहींना देव हात झटकतोय असं वाटतं. दोघांचंही मला समजतं.

पूर्वकर्माचं उत्तर देणारेही तुम्हाला भेटले असतील. मला ते पटत नाही. माणूस यायच्या कित्येक कोटी वर्षं आधीपासून, पापपुण्य कळणारं कुणी नव्हतं तेव्हापासून वेदना आहेत. आणि आजारी मुलाच्या आईला हे ऐकवणं मला निष्ठुरपणाचं वाटतं, मग ते कितीही भक्तिभावाने सांगितलेलं असो.

मी स्वतः निर्माता मानते. उत्क्रांती शिकवताना माझी श्रद्धा कधी डगमगली नाही, पण त्या सुरवंटापाशी मात्र ती अडते, आणि ज्यांची तिथे संपली त्यांना मी कमी समजत नाही. मोकळीक देणारा देव हे उत्तर मी धरून आहे, ते पुरेसं आहे असा दावा नाही. तुमच्या मुलाच्या आजाराचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. तो आनुवंशिक असेल तर जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना एकदा जरूर भेटा, आणि आपल्या वागण्यामुळे हे झालं का हा विचार मनात असेल तर तो प्रश्न त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा.

प्रश्न: सहा वर्षांची मुलगी विचारते, पहिला माणूस कुणी बनवला? घरात आजी देवाचं सांगते, बाबा माकडाचं सांगतात. मी काय सांगू?

पहिला माणूस असा कुणी नव्हताच, तिला इथूनच सांगा, मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. आजी अमुक दिवशी म्हातारी झाली असं सांगता येत नाही तसंच आहे हे. प्रत्येक आईचं बाळ आईसारखंच होतं, तरी हजारो पिढ्यांनी मागे वळून बघितलं तर चेहरे वेगळे दिसतात. आपल्या प्रजातीच्या, म्हणजे होमो सेपियन्स माणसांचे सगळ्यात जुने अवशेष मोरोक्कोत जेबेल इरहूदला सापडलेत, साधारण ३ लाख वर्षांपूर्वीचे, त्यांचे चेहरे बरेचसे आपल्यासारखे पण कवटी मागे लांबट. तो फोटो तिला दाखवा.

मग ती विचारेल, देवाने काहीच केलं नाही का? तुम्ही श्रद्धावान असाल तर तुमची श्रद्धा तिला सांगा, "हे सगळं देवाचं आहे असं मला वाटतं," आणि नसाल तर तसं सांगा, आजीला वेगळं वाटतं हेही सांगा. "मला वाटतं" हे शब्द मात्र गाळू नका. आणि बाबांना म्हणावं, माकडापासून नाही, माकडाचे आणि आपले पणजोबा एक, एवढी दुरुस्ती करून घ्या, नाहीतर उद्या शाळेत तीच त्यांना दुरुस्त करेल.